एआर-१५ चा बोल्ट कॅरियर संच: पोलाद, चाचणी की मुलामा, नेमके काय पाहावे?

नेमपट्टी यांचा प्रश्न

५.५६ कॅलिबर, १६ इंची बॅरल, कार्बाइन लांबीची गॅस यंत्रणा. या रायफलीसाठी नवा बोल्ट कॅरियर संच (चेंबर बंद करणारा बोल्ट आणि त्याला पुढे-मागे नेणारा कॅरियर) घ्यायचा आहे. तीन पर्यायांवर येऊन अडकलोय.

पहिला: बोल्ट कार्पेंटर १५८ पोलादाचा, कॅरियर ८६२० पोलादाचा. बाहेरून फॉस्फेट, आतून क्रोम. प्रत्येक बोल्टची उच्च दाबाची चाचणी (एचपीटी) आणि चुंबकीय कणांची तपासणी (एमपीआय) केली आहे असे स्पष्ट लिहिलेले.

दुसरा: बोल्ट ९३१० पोलादाचा, बोल्टसकट सगळा संच नायट्राइड केलेला (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून कठीण केलेला). चाचणी "बॅचमधल्या निवडक नगांची".

तिसरा: बोल्ट ९३१० चाच, निकेल बोरॉनचा चकचकीत मुलामा, कॅरियर हलका केलेला. चाचणीबद्दल "मिल-स्पेक" (लष्करी मानकाप्रमाणे) एवढा एकच शब्द.

१५८ आणि ९३१० मध्ये वापरताना जाणवेल असा फरक आहे का? एचपीटी-एमपीआयचे शिक्के खरोखर काही सांगतात का? मुलाम्यामुळे विश्वासार्हता वाढते की फक्त साफसफाई सोपी होते? आणि संच हातात आल्यावर, वापरण्याआधी, घरच्या घरी काय काय तपासता येते?

आणखी एक. सध्याच्या संचात शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट कधी मागे अडकतो, कधी नाही. मॅगझीन बदलून पाहिली, फरक नाही. हा दोष कॅरियरचा असू शकतो का?

---

पाणीदार

सगळ्यात आधी बोल्ट बघा. या संचात थकून मोडणारा भाग तोच आहे. कॅरियर चांगला असेल तर एकामागून एक बॅरली बदलल्या तरी तो चालत राहतो. बोल्ट मात्र टायरसारखा खपाचा माल आहे, आणि तो कसा बनवला यावरच संचाची लायकी ठरते.

कारण रचनेतच आहे. यूजीन स्टोनर यांच्या या रचनेत (अमेरिकी पेटंट १९६० चे) बॅरलमधला वायू थेट कॅरियरच्या पोटात येतो. तिथे बोल्ट हाच पिस्टन आणि कॅरियर हाच सिलिंडर. बोल्ट फिरवायला कॅम पिन लागते आणि तिच्यासाठी बोल्टच्या आरपार भोक आहे. भोकाच्या दोन्ही बाजूंना धातू थोडाच उरतो. पुढच्या टोकाला भार घेणारे ७ लग (बोल्टला बॅरलशी अडकवणारे दाते) असतात आणि आठव्याची जागा एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी ओढून काढणाऱ्या नखाने) घेतलेली असते. त्या जागी भार घेणारे काही नसल्यामुळे एक्स्ट्रॅक्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या लगांवर ताण सारखा वाटला जात नाही. म्हणून बोल्ट मोडतो तो बहुतेक वेळा दोनच ठिकाणी: कॅम पिनच्या भोकातून आडवा, नाहीतर एक्स्ट्रॅक्टरशेजारचा लग मुळापासून. बोल्ट घेताना केलेला प्रत्येक विचार या दोन जागांशी नेऊन ताडून पाहावा.

आता पोलाद. १५८ मध्ये कार्बन ०.१० टक्के, निकेल ३.५ आणि क्रोमियम १.५ टक्क्यांच्या आसपास. ९३१० मध्ये कार्बन जवळपास तेवढाच, निकेल सव्वातीन, क्रोमियम १.२ आणि चिमूटभर मॉलिब्डेनम. दोन्ही एकाच घराण्यातली आहेत. गाभा चिवट ठेवायचा, पृष्ठभागात कार्बन मुरवायचा आणि मग पाणी द्यायचे, म्हणजे वरचा थर कठीण होतो आणि आतला भाग धक्का सोसतो. १५८ हे एका कंपनीचे खास पोलाद आहे, लष्करी आराखड्यात त्याचे नाव आले आणि तिथेच राहिले. ९३१० कोणतीही गिरणी बनवते आणि विमानांच्या गिअरसाठी ते वापरात आहे. नीट पाणी दिलेला ९३१० चा बोल्ट १५८ च्या बोल्टपेक्षा कमी टिकतो असे मानायला आधार नाही.

पण त्या "नीट पाणी दिलेला" मध्येच सगळे आले. कठीण थर जास्त खोल गेला तर लग आतपर्यंत ठिसूळ होतो आणि त्याच्या मुळाशी तडा धरतो. थर उथळ राहिला तर लगाची मागची बाजू दाबली जाते, हेडस्पेस (बंद बोल्टचे तोंड आणि चेंबरमधली काडतूस टेकण्याची जागा यांतले अंतर) वाढत जातो. ९३१० ला १५८ चेच वेळापत्रक लावून भागत नाही, भट्टीचे तापमान आणि वेळ त्याच्यासाठी वेगळी ठरवावी लागते. ९३१० चे नाव खराब झाले ते जिथे हे काम घाईत उरकले गेले त्या मालामुळे. शिवाय बोल्ट शॉट पीन केलेला असावा. बारीक गोळ्यांच्या माऱ्याने पृष्ठभागात दाबाचा ताण बसतो आणि तड्याला तोंड उघडायला उशीर लागतो. तपशिलात शॉट पीनिंगचा उल्लेखच नसेल तर विचारून घ्या.

चाचण्यांचे असे. एचपीटी म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचे प्रूफ काडतूस एकदा उडवणे. साध्या .२२३ रेमिंग्टनची सामीची (अमेरिकी शस्त्र-काडतूस उत्पादकांच्या मानक संस्थेची) मर्यादा ५५,००० पीएसआय आहे, लष्करी प्रूफ काडतूस ७०,००० च्या घरात जाते. त्यानंतर एमपीआय: बोल्ट चुंबकित करून त्यावर लोहकणांचा द्राव सोडतात, भेग असेल तिथे कण गोळा होतात आणि अतिनील दिव्याखाली रेघ चमकते. क्रम हाच हवा, आधी दाब आणि मग तपासणी. उलट केले तर प्रूफ काडतुसाने उघडलेली भेग कोणाच्याच नजरेस पडत नाही.

मात्र एमपीआय फक्त पृष्ठभागावरची किंवा त्याच्या अगदी लगतची भेग दाखवते. कठीण थर किती खोल आहे, गाभा चिवट आहे की नाही, यातले काहीही ती सांगत नाही. पाणी चुकलेला बोल्ट दोन्ही चाचण्या पार करून पुढे काही हजार फैरींत मोडू शकतो. बोल्टवर कोरलेली "एमपीसी" ही चुंबकीय तपासणीची अक्षरेही शेवटी अक्षरेच आहेत, ती कोणालाही कोरता येतात. त्यांचे वजन कोरणाऱ्याइतकेच.

तरीही प्रत्येक नगाची चाचणी आणि निवडक नगांची चाचणी यात मी पहिलीलाच कौल देईन. निवडक नगांच्या चाचणीतून प्रक्रिया ताब्यात आहे एवढे कळते. तुमच्या हातातल्या नगात घडाईतली भेग राहिली आहे का, हे नगनिहाय चाचणीशिवाय कळत नाही. तिसऱ्या पर्यायात तर नुसता "मिल-स्पेक" शब्द आहे. पोलाद, पीनिंग, चाचणी यांतले कशाबद्दल तो आहे, तेच सांगितलेले नाही. तो पर्याय माझ्या लेखी इथेच बाद.

---

गॅसवाट

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे बघतो, कारण तुम्ही सांगितलेले लक्षण गॅस कमी पडल्याचे आहे. बोल्ट पूर्ण मागे पोहोचत नसेल तर तो कधी अडकतो, कधी नाही.

आधी रायफल रिकामी करा. मॅगझीन काढा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही खात्री करा. मग कॅरियर बाहेर काढा.

पहिला संशय गॅस की वर. कॅरियरच्या पाठीवरचा हा तुकडा दोन ८-३२ स्क्रूंनी बसवलेला असतो. सगळा वायू त्याच्या खालच्या सांध्यातून आत जातो. सांधा ढिला झाला तर वायू बाजूने निसटतो आणि कॅरियरला ढकलायला कमी उरतो. कीच्या बुडाशी, कॅरियरवर, काजळीची पसरलेली रेघ दिसते का बघा. दिसली तर गळती आहे. की अंगठ्याने जोर लावून डावी-उजवीकडे हलवा. केसभर जरी हलली तरी स्क्रू सैल आहेत.

स्क्रू नुसते आवळून हे काम संपत नाही. प्रत्येक फैरीला तिथे तापलेला वायू आणि हादरा दोन्ही बसतात, त्यामुळे स्क्रू हळूहळू उलटे फिरतात. म्हणून स्टेकिंग करतात: कीच्या कडेचा धातू पंचाने सरकवून स्क्रूच्या दातेरी डोक्यात घुसवायचा. संच हातात घेतला की भिंगाआधी नुसत्या डोळ्यांनी एवढे बघा. चांगल्या कामात प्रत्येक स्क्रूला निदान दोन ठिकाणी धातू ढकललेला दिसतो, आणि तो स्क्रूच्या दात्यांत खरोखर शिरलेला असतो. वाईट कामात कीच्या वरच्या कडेला पंचाचा नुसता ठिपका असतो, धातू डोक्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. असा ठिपका म्हणजे स्टेकिंग केल्याचा देखावा. नायट्राइड केलेल्या कीचा धातू वरून कठीण असतो, तिथे हा देखावा जास्त आढळतो.

ढिले झालेले स्क्रू पुन्हा वापरू नका, नवे घ्या. ९/६४ इंची ॲलन की लागते. दोन्ही पृष्ठभाग तेलकटपणा जाईपर्यंत पुसायचे, की बसवायची, स्क्रू आलटून पालटून आवळायचे. रूढ टॉर्क ५० ते ५८ इंच-पाउंड आहे, पण उत्पादकाने वेगळा दिला असेल तर तोच पाळा. मग दोन्ही बाजूंनी स्टेक करा. स्टेकिंगचे खास शिकंज्यासारखे हत्यार मिळते. नुसता पंच आणि हातोडी वापरली तर कॅरियर घट्ट धरलेला हवा, नाहीतर घाव उसळून कीच्या तोंडावर बसतो. साधा थ्रेडलॉकर या जागी निरुपयोगी, तिथल्या उष्णतेत तो टिकत नाही.

दुसरा संशय गॅस रिंगांवर. बोल्ट कॅरियरमधून पूर्ण पुढे ओढा आणि संच बोल्टच्या तोंडावर उभा करा. कॅरियर स्वतःच्या वजनाने खाली सरकला तर तिन्ही रिंगा बदला. जागच्या जागी राहिला तर रिंगा ठीक. तीन रिंगांच्या फटी एका रेषेत आल्या की रायफल अडते असे पुन्हा पुन्हा वाचायला मिळते. रिंगा चालताना आपोआप फिरतात. जोडताना फटी वेगवेगळ्या दिशांना ठेवा, मग त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

तिसरे, गॅस ट्यूब. कॅरियरमधून बोल्ट काढून ठेवा, चार्जिंग हँडलही बाजूला ठेवा आणि रिकामा कॅरियर अपर रिसीव्हरमध्ये (रायफलीच्या वरच्या अर्ध्या भागात) घालून तो भाग पुढे-मागे तिरपा करा, म्हणजे कॅरियर आपोआप सरकेल. शेवटच्या इंचभर अंतरात कॅरियर अडखळला, घासला, तर ट्यूबचे तोंड कीच्या सरळ रेषेत नाही. हे तसेच चालू ठेवले तर कीचे तोंड झिजून मोठे होते आणि नवा संच आणूनही गळती कायम राहते.

हे तिन्ही ठीक निघाले तर कॅरियरला दोष देऊ नका. गॅस ब्लॉक (बॅरलमधला वायू ट्यूबमध्ये वळवणारा भाग), बफर (कॅरियरमागे दांड्यात असलेले वजन) आणि त्याची स्प्रिंग यांकडे वळा.

---

थरकाठिण्य

मुलाम्याबद्दल विचारलेत ते बरे झाले, कारण यातल्या एका मुद्द्यावर फार कमी बोलले जाते: नायट्राइड आणि बोल्टचे पाणी.

कार्बन मुरवून कठीण केलेल्या बोल्टला पाणी दिल्यावर दीडशे ते सव्वादोनशे अंश सेल्सिअसच्या टप्प्यात टेंपर करतात. क्षारकुंडातले नायट्राइडिंग मात्र साधारण ५५० ते ५९० अंशांवर होते. म्हणजे आधीच तयार केलेला कठीण बोल्ट पुन्हा कितीतरी जास्त तापमानावर नेला जातो आणि त्याचे पाणी उतरते. मूळचा खोल कठीण थर मऊ होतो आणि त्यावर नायट्राइडचा कठीण पण अतिशय पातळ थर येतो. लगाच्या मागच्या बाजूवर मोठा दाब येतो. तिथे पातळ कवचाखाली मऊ धातू असेल तर कवच आत दबते.

याचा अर्थ नायट्राइडचा प्रत्येक बोल्ट टाकाऊ, असा नाही. उत्पादकाने त्या तापमानाला पाणी न उतरणारे पोलाद निवडले असेल आणि प्रक्रिया त्याभोवती बांधली असेल तर उत्तम बोल्ट बनतो. पण साधे ९३१० नेहमीसारखे केस हार्डन करून वर रंगासाठी नायट्राइड केले असेल, तर मी तो बोल्ट घेणार नाही. विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. बोल्टही नायट्राइड केला आहे की फक्त कॅरियर? बोल्टवर आधी कार्बन मुरवला होता का? नायट्राइडनंतर पृष्ठभाग आणि गाभ्याचा कठीणपणा मोजला का? प्रक्रिया ज्याच्या ताब्यात आहे तो लगेच आकडे सांगतो.

कॅरियरची गोष्ट निराळी. त्याच्यावर लगांसारखा ताण नसतो, घासणे जास्त असते. तिथे नायट्राइड झकास चालतो. द्राव आतल्या भोकांतही शिरत असल्यामुळे वेगळ्या क्रोमची गरज उरत नाही. म्हणून नायट्राइडचा कॅरियर आणि फॉस्फेटचा बोल्ट अशी जोडी मला सगळ्यात समंजस वाटते.

फॉस्फेट दिसायला साधा, पण सच्छिद्र असतो आणि तेल धरून ठेवतो. कोरडा ठेवला तर गंजतो, हाच त्याचा दुबळेपणा. फॉस्फेटच्या कॅरियरमध्ये बोल्ट जिथे बसतो ते भोक आणि कीचा आतला भाग क्रोम केलेला हवा. टॉर्चच्या उजेडात तो एकसारखा चमकदार दिसतो. मधेच काळे पट्टे किंवा खवले दिसले तर संच परत करा.

निकेल बोरॉन गुळगुळीत असतो, काजळी सहज पुसली जाते. पण त्याचा दर्जा मुलामा चढवण्याआधीच्या सफाईवर ठरतो. आम्लात धुताना कठीण पोलाद हायड्रोजन शोषते आणि त्यातून ठिसूळपणा येतो. त्यावरचा उपाय म्हणजे मुलामा झाल्यावर काही तासांच्या आत भाग १९० अंशांच्या आसपास बराच वेळ भाजणे. क्रोमलाही हाच नियम. ही पायरी वगळली की बोल्ट बाहेरून देखणा आणि आतून कच्चा. वापरानंतर निकेल बोरॉनवर करडे-पिवळट डाग पडतात, त्यांची चिंता नको. कॅम पिनच्या खाचेच्या कडेला किंवा लगांवर मुलामा पापुद्र्यासारखा सुटू लागला तर मात्र तो चिकटलाच नव्हता.

डीएलसीचा (हिऱ्यासारख्या कार्बनचा) थर काही मायक्रॉनचाच असतो, फार कठीण, आणि बोल्टचे पाणी न उतरवता, कमी तापमानावर चढवता येतो. खालचा पृष्ठभाग खडबडीत असेल तर वरचाही खडबडीत राहतो.

तेल चारही प्रकारांना लागते. "तेलाविना चालणारा" असे लिहिलेला संचही कॅम पिन, रिंगा आणि कॅरियरच्या चार पट्ट्यांवर तेल दिल्यावरच नीट चालतो.

---

नेमपट्टी

तिघांचेही आभार. कीच्या बुडाशी काजळीची रेघ आहे, आणि पुढच्या स्क्रूचे स्टेकिंग म्हणजे नुसता ठिपका. नवे स्क्रू मागवतो.

हलक्या कॅरियरबद्दल कोणी सांगेल का? वजन कमी म्हणजे धक्का कमी, हे तर्काने पटते. १६ इंची कार्बाइन गॅसवर तो चालेल का? आणि एक्स्ट्रॅक्टरबद्दल अजून कोणी बोलले नाही.

---

पाणीदार

तुमच्या रायफलीवर हलका कॅरियर नको.

पूर्ण वजनाचा संच ११.५ औंसांच्या आसपास, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅम. कार्बाइन गॅसमध्ये बॅरलमधले भोक चेंबरच्या जवळ असते, त्यामुळे वायू जास्त दाबाने आणि लवकर येतो. १६ इंची बॅरलमध्ये गोळी त्या भोकापुढेही बराच वेळ नळीत असते, म्हणजे वायू जास्त वेळ मिळत राहतो. अशा रायफलीत कॅरियर हलका केला की तो लवकर सुटतो, बोल्ट लवकर फिरतो. पुंगळी अजून दाबाने फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटलेली असताना एक्स्ट्रॅक्टर तिला ओढू लागतो. मग पुंगळीची कड फाटते, एक्स्ट्रॅक्टर घसरतो, आणि लगांवर दाब असतानाच त्यांना वळावे लागते. बोल्टचे आयुष्य इथे कमी होते.

हलका कॅरियर समायोज्य गॅस ब्लॉकबरोबर, एकाच प्रकारच्या काडतुसासाठी जुळवलेल्या स्पर्धेच्या रायफलीत शोभतो. तिथेही काजळी वाढली किंवा काडतूस बदलले की जुळणी बिघडते, कारण घाण ढकलून चेंबर बंद करायला लागणारा जडपणाच उरलेला नसतो. ॲल्युमिनियमच्या कॅरियरमध्ये कॅम पिनची खाच लवकर झिजते, हेही लक्षात असू द्या.

तुम्हाला धक्का कमी हवा असेल तर उलट्या बाजूने जा: पूर्ण वजनाचा कॅरियर ठेवा आणि बफर जड करा. साधा कार्बाइन बफर ३ औंस, एच ३.८, एच-२ ४.६ आणि एच-३ ५.४ औंस. आधी कीची गळती काढा, मग एच लावून बघा. मॅगझीनमध्ये एकच गोळी भरून उडवा, बोल्ट मागे अडकला पाहिजे. असे निरनिराळ्या काडतुसांनी करा. सगळ्यात सौम्य काडतुसावरही अडकला तर एच-२ वर जा, कुठेही चुकला तर एक पायरी मागे या.

---

भिंगवाला

एक्स्ट्रॅक्टर आणि हातात आल्यावरची तपासणी, दोन्ही सांगतो.

एक्स्ट्रॅक्टरमध्ये महाग पोलादापेक्षा स्प्रिंग जास्त महत्त्वाची. कार्बाइनसाठी तांबूस रंगाची जोरकस स्प्रिंग आणि आत काळा रबरी ठोकळा ही जोडी चांगली. जुन्या संचांत निळा ठोकळा आणि कमी जोराची स्प्रिंग सापडते, ती लांब रायफल गॅसवर चालते, कार्बाइनवर अपुरी पडते. स्प्रिंगभोवती रबरी ओ-रिंग घालण्याचा उपाय थकलेल्या स्प्रिंगवर तात्पुरता बरा. नव्या जोरकस स्प्रिंगवर ती घातली तर पकड इतकी कडक होते की काडतूस बोल्टच्या तोंडावर सरकताना अडते. एलएमटीच्या सुधारित बोल्टमध्ये एकाऐवजी दोन स्प्रिंगा आहेत. ती कल्पना चांगली आहे, पण एक्स्ट्रॅक्टरचे सुटे भाग त्याच बोल्टचे लागतात.

संच आला की सगळा सुटा करा. कॅरियरच्या बाजूची रिटेनिंग पिन ओढा, फायरिंग पिन मागून बाहेर येईल. कॅम पिन पाव वळण फिरवून उचला, बोल्ट पुढून निघेल. एक्स्ट्रॅक्टर दाबून त्याची पिन ढकला. उत्पादकाचे जाड तेल पुसून टाका, त्याखाली भेगा लपतात.

आता दहापट भिंग आणि तिरपा उजेड. कॅम पिनच्या भोकाच्या दोन्ही कडा, आतून आणि बाहेरून. मग प्रत्येक लगाचे मूळ, एक्स्ट्रॅक्टरशेजारच्या दोघांना जास्त वेळ द्या. लगाच्या मुळाशी मशिनिंगची आडवी खोल रेघ असेल तर तडा तिथूनच सुरू होतो. गोलसर, स्वच्छ कोपरा चांगला. बोल्टच्या तोंडावरचे फायरिंग पिनचे भोक गोल आणि कडांना न तुटलेले हवे. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाची धार सरळ, टवके न उडालेली हवी. इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारी स्प्रिंगची पिन) दाबला तर सहज आत जाऊन झटक्यात परत यायला हवा. चरचरत परतला तर आत पितळेचा किंवा मशिनिंगचा चुरा आहे.

फायरिंग पिन संचात बसवून पूर्ण पुढे ढकला. बोल्टच्या तोंडापुढे ती ०.०२८ ते ०.०३६ इंच यायला हवी. कमी असेल तर गोळ्या फुसक्या जातात, जास्त असेल तर प्रायमरला भोक पडते आणि निसटलेल्या वायूने पिनचे टोक खड्ड्याखड्ड्यांचे होते. याचा मापक अगदी साधा असतो, पिनचे टोक दोन खाचांतून नेऊन बघायचे.

मग हेडस्पेस. नवा बोल्ट आणि वापरलेले बॅरल एकत्र येत असतील तर ही पायरी टाळू नका. इजेक्टर आणि एक्स्ट्रॅक्टर काढून बोल्ट मापकावर बंद करा. गो मापकावर (किमान मापाच्या) बंद झाला पाहिजे, नो-गो वर (कमाल मापाच्या) होता कामा नये. नव्या बोल्टवर नो-गो वर बंद झाला तर बॅरलच्या एक्स्टेन्शनची (लग जिथे अडकतात त्या बॅरलच्या मागच्या कड्याची) झीज किंवा बोल्टचे माप तपासून घ्या, तोवर रायफल वापरू नका.

जोडताना दोन गोष्टींवर विशेष लक्ष. कॅम पिन बसवायची राहिली तर कॅरियर रिसीव्हरमध्ये जातो आणि रायफल बोल्ट न अडकताही उडू शकते. ती फैर रिसीव्हर फोडते आणि मागच्या माणसाला गंभीर इजा करते. म्हणून संच आत घालण्यापूर्वी बोल्ट पुढे ओढून कॅम पिनचे डोके दिसते का बघा. दुसरे, रिटेनिंग पिनचे दोन पाय पक्कडीने फाकवू नका. तिचे काम फायरिंग पिनच्या कॉलरमागे आडवे राहण्याचे आहे, फाकवली तर ती पुढच्या वेळी निघत नाही किंवा मोडते.

वापर सुरू झाल्यावर दर हजार फैरींनी बोल्ट पुसून ह्याच दोन जागा बघा. कार्बाइन गॅसवर ५,००० फैरींनंतर जास्त बारकाईने. १०,००० च्या आसपास तडा दिसो न दिसो, बोल्ट बदलावा असा रूढ संकेत आहे आणि तो पाळण्यासारखा आहे. रिंगा, एक्स्ट्रॅक्टर आणि त्याची स्प्रिंग त्याआधीच निदान एकदा बदललेली असावी. बोल्टच्या शेपटीवरची काळी काजळी खरवडून लखलखीत करायच्या मागे लागू नका. ती ठरावीक जाडीपर्यंत साचते आणि थांबते, खरवडताना धातूवर पडलेला ओरखडा मात्र कायमचा.

---

थरकाठिण्य

वरच्यात एक भर: भिंगाने शंका आली पण खात्री होत नसेल तर रंगीत पेनिट्रंट वापरा. वेल्डिंगवाल्यांकडे लाल आणि पांढऱ्या फवाऱ्यांचा संच असतो. बोल्ट तेलमुक्त करून लाल द्राव लावा, डब्यावर दिलेल्या वेळेपर्यंत मुरू द्या, पुसून पांढरा फवारा मारा. भेग असेल तर लाल रेघ उमटते. मात्र फॉस्फेटच्या सच्छिद्र पृष्ठभागावर सगळीकडेच फिकट गुलाबी छटा येते. तिथे छटेकडे दुर्लक्ष करून फक्त सलग, धारदार रेघ धरा.

---

नेमपट्टी

मग माझ्यापुरते असे ठरले: पहिला पर्याय, म्हणजे १५८ चा, नगनिहाय चाचणीचा फॉस्फेट संच. नायट्राइडच्या विक्रेत्याला तीनही प्रश्न पाठवले होते. "बोल्टही नायट्राइड आहे, कठीणपणाची माहिती उपलब्ध नाही" एवढेच उत्तर आले. जुन्या कॅरियरची की नव्या स्क्रूंनी बसवून तो सुट्या बोल्टसकट राखीव ठेवतो. त्या राखीव बोल्टचा हेडस्पेस याच बॅरलवर मोजून घ्यावा लागेल ना?

---

भिंगवाला

हो, दोन्ही बोल्ट याच बॅरलवर मोजा, आणि कोणत्या बोल्टवर किती फैरी झाल्या त्याची वेगवेगळी नोंद ठेवा. बोल्ट आपापसात बदलू नका. लग एक्स्टेन्शनशी घासून जुळत जातात, मधेच दुसरा घातला की भार पुन्हा दोन-तीन लगांवरच येतो. राखीव बोल्टबरोबर रिंगांचा एक संच, एक्स्ट्रॅक्टर स्प्रिंग ठोकळ्यासकट, एक्स्ट्रॅक्टर पिन, कॅम पिन, फायरिंग पिन आणि रिटेनिंग पिन एकाच डबीत ठेवा, आणि डबीतल्या बोल्टला तेलाचा हात फिरवून ठेवा.